गाडीचे दात

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवी मोटरसायकल घेऊन धुळ्याहून गावी गेलो. नवी, पण दिसायला जुनी. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकवायला रबराचे पट्टे, तारांची चाकं, लांबलचक चकचकीत सायलेन्सर. गल्लीतली पोरं ‘बुलेट आली, बुलेट आली’ करत मागे धावली. ती बुलेट आहे की आणखी काही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे गोल दिव्याची कुठलीही जड गाडी ही बुलेटच असते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले होते. वय तेव्हा ८२. काठी टेकत खाली उतरले आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. अगदी सावकाश, बैलबाजारात मारतात तशी. मागच्या चाकापाशी थांबले, वाकले, उजव्या बाजूला पाहिलं, मग डाव्या.

“इले किक नही?”

“नाही आप्पा. बटन आहे.”

“मंग बंद पडनी ते?”

मी म्हटलं, ही बंद पडत नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ‘माझी म्हैस कधी आजारीच पडत नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याकडे ते नोकरीत असताना असंच पाहत असणार.

आप्पा पशुधन पर्यवेक्षक होते. गावच्या भाषेत ढोरांचे डॉक्टर. पारोळा आणि अमळनेर तालुक्यांतली पंधरा-वीस गावं त्यांच्याकडे असायची आणि त्या गावांना जायला त्यांच्याकडे होती १९८० सालची राजदूत मोटरसायकल. पाऊस लागायच्या आत फऱ्या आणि घटसर्पाच्या लसी टोचून व्हायला हव्यात, म्हणून एप्रिल-मे हे त्यांचे सगळ्यात धावपळीचे महिने. खानदेशातला मे म्हणजे काय, हे जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास आणि वारा तव्यावरून आल्यासारखा. पुढे कृत्रिम रेतनाचं काम आलं, तेव्हा राजदूतच्या मागच्या सीटवर, वीर्य गोठलेलं राहावं म्हणून, द्रव नायट्रोजनचं भांडं बांधलेलं असे. भांड्याच्या आत उणे १९६ अंश, बाहेर अधिक ४५, आणि या दोघांच्या मधे डोक्याला ओला पंचा गुंडाळलेले आप्पा.

ती गाडी अजून आमच्या गोठ्यात आहे. गोठ्यात ढोरं राहिली नाहीत, गाडी राहिली.

लोक येतात, तिच्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, “जुन्या गाड्याच टिकाऊ, भो. लोखंड होतं तेव्हा. आता सगळं प्लास्टिक.” पूर्वी मीही मान डोलवायचो. मग एकदा सहज मोजदाद केली. १९९० च्या सुमारास आमच्या गावात नऊ राजदूत, तीन येझदी आणि दोन बुलेट होत्या. आज त्या चौदांमधल्या दोन शिल्लक आहेत. बाकीच्या भंगारात गेल्या. एकीची चाकं भाजीच्या हातगाडीला लागली, एक विहिरीच्या कडेला उभी राहून गंजली, एकीवरून दोन भावांत वाटणीचं भांडण झालं आणि ते मिटेपर्यंत तिचं इंजिन गच्च बसलं. बारा गेल्या त्यांची आठवण कुणी काढत नाही, आणि उरलेल्या दोघींकडे बघून सगळ्या चौदांना टिकाऊ ठरवतात. लोखंडालाही शेणामुताच्या हवेत गंज धरायला चार पावसाळे पुरतात.

मग आमचीच का राहिली? याचं उत्तर आप्पांच्या धंद्यातल्या एका शब्दात आहे.

बैलाचं वय त्याच्या तोंडात बघतात. पक्का दात एकही आलेला नाही तोवर तो आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि खालचे आठही दात आले की जुळलेला. जुळल्यावर वय सांगता येत नाही, नुसता अंदाज. दात किती झिजले, शिंगांवर किती वळ्या पडल्या, त्यावरून. व्यापारी मग वाटेल ते सांगतात आणि घेणाऱ्याला ते पटवून घ्यावं लागतं.

जुन्या टू-स्ट्रोक गाडीचंही असंच असतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होऊन होऊन भिंत झिजते, कॉम्प्रेशन जातं, गाडी चढावर दम टाकते. मग मिस्त्री सिलिंडर लेथवर नेऊन आतून पाव मिलिमीटर मोठा करतो आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवतो. याला ‘बोअर करणं’ म्हणतात. पहिला ०.२५ चा, दुसरा ०.५०, तिसरा ०.७५, चौथा १.०० चा. त्यापुढे भिंत पातळ होते, मोठा पिस्टन मिळत नाही. मग नवी स्लीव्ह, म्हणजे आतलं नळकांडं, ठोकायची, नाहीतर गाडीला रामराम. म्हणजे कारखान्यातून निघालेला सिलिंडर आदत, आणि पुढे दोन दाती, चार दाती, सहा दाती करत एक दिवस जुळायचा. ही जोडणी माझी नाही, आप्पांची. १९८७ मध्ये पहिला बोअर झाला, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मायला सांगितलं होतं, “गाडी दोन दाती झाली.” मायला वाटलं, गाडी विकून गोऱ्हा आणला.

दुसरा बोअर माझ्या नावावर आहे. १९९४ ची गोष्ट. मित्राला मागे बसवून पद्मालयाला निघालो होतो. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला ४०-५० मिलि. तेच जळता जळता पिस्टनला वंगण देतं. पंपावर घाई होती, मी नुसतं पेट्रोल भरलं. वाटेत मित्र मागून ओरडला, “आज गाडी काय झकास चालली रे, धूरच नाही!” मलाही बरं वाटलं. एरंडोलच्या अलीकडे मागचं चाक एकदम जाम झालं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेच्या बाभळीत. धूर नव्हता, कारण तेल नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं आप्पा मला गाडीची किल्ली देताना फक्त एक शब्द बोलायचे: “धूर.”

बोअर करायचे अमळनेरचे चाचा. त्यांचं दुकान म्हणजे कडुलिंबाखाली एक पत्रा आणि दोन पेट्या. लेथवाला दुसरा, तो पूर्वी प्रताप मिलमध्ये फिटर होता. मिलची लेथ सुटली तरी हात सुटला नाही, असं चाचा म्हणत. नवा पिस्टन बरोबर बसला की नाही ते पाहायला चाचा रिंगा न घालता तो सिलिंडरमध्ये सोडत. आपल्याच वजनाने, कुणी न ढकलता, तेलातून हळूहळू उतरला पाहिजे; धप्पकन पडला तर सैल, अडला तर घट्ट. मी हे बघायला शाळा बुडवून बसत असे. मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या, पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. चाचांकडे मोजायची पट्टी होती, पण ते काडीपेटीच्या पुठ्ठ्याने मोजायचे. पट्टी पाहुण्यांसाठी.

आप्पांची राजदूत मूळची पोलंडची, हे मला फार उशिरा कळलं. तिकडे एसएचएल नावाची गाडी बनायची. तिचं एम-११ हे १७५ सीसीचं मॉडेल फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने साठच्या दशकात इकडे आणलं. जावा झेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, पुढे येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. बुलेट इंग्लंडमधल्या रेडिचची, १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागली. रेडिचचा कारखाना केव्हाच इतिहासजमा झाला, मद्रासची गाडी चालूच राहिली. तीन देशांतल्या तीन गाड्या, आणि तिघींना इथे आल्यावर बदलायची मुभाच नव्हती. परवान्यांचा काळ. नवं मॉडेल काढायचं तर दिल्लीचे खेटे, आणि न काढलं तरी गिऱ्हाईक नंबर लावून उभंच. त्यामुळे एकच गाडी वीस-वीस, तीस-तीस वर्षं जवळजवळ तशीच निघत राहिली.

ग्राहक म्हणून ही चेष्टाच होती. पण चाचांसारख्यांसाठी ती पर्वणी ठरली. १९६८ च्या गाडीवर शिकलेली गोष्ट १९८८ च्या गाडीला चालायची. एका गाडीचा किक शाफ्ट दुसरीत बसायचा. सुट्या भागांच्या नकला बनवणारे कारखानदार तयार झाले, दिल्लीच्या करोल बागेतून माल तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या गाड्या सारख्या काही ना काही मागायच्या. प्लग काळा झाला, काढा, पॉलिश पेपरने घासा. सायलेन्सरमध्ये काजळी बसली, नळी काढा, जाळात टाका, ठोका. ६ व्होल्टचा दिवा. इंजिन हळू झालं की दिवाही हळू. म्हणून खड्ड्यातून जाताना क्लच दाबून रेस करायची, मग खड्डा दिसायचा. चालवणाऱ्या प्रत्येकाला थोडंथोडं मिस्त्री व्हावंच लागे. आज जे टिकाऊपण म्हणून मिरवतात, त्यातला अर्धा भाग मला या मागणंपणाचा वाटतो. दुभत्या जनावरासारखं आहे ते. दोन वेळा हात लागतो, म्हणून तब्येतीतला बदल लगेच कळतो.

दूधवाल्यांची राजदूत हा वेगळा लेखच होईल. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, वर चारा, चाऱ्यावर पोरगं. जाऊ द्या.

आता रेट्रोबद्दल, म्हणजे जुन्या रूपातल्या नव्या गाड्यांबद्दल. मी माझ्या नव्या गाडीची टिंगल करणार नाही, कारण ती मला आवडते. ही लाटही केवळ आपली नाही. इंग्लंडच्या ट्रायम्फने बॉनव्हिल हे साठच्या दशकातलं नाव २००१ मध्ये पुन्हा रस्त्यावर आणलं. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक २००९ मध्ये, मग २०१८ मध्ये जावा परतली आणि २०२२ च्या जानेवारीत येझदी. या धंद्यातली मला सगळ्यात आवडलेली लबाडी बॉनव्हिलची आहे. तिला इंजिनात पेट्रोल सोडणारा जुना कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा कंपनीने नव्या यंत्रणेची बाहेरची ठेवण मुद्दाम कार्बोरेटरसारखी केली. आत इंजेक्टर, बाहेर कार्बोरेटरचं सोंग. यात्रेतल्या सोंगासारखंच, बघणाऱ्याला आतला माणूस कोण ते ठाऊक असतं, तरी तो हात जोडतो.

मीही हात जोडले. चाळीस पार केलेल्या माणसाला त्या गोल दिव्यात नेमकं काय दिसतं? मला वाटतं, मागच्या सीटवरून दिसलेला बापाचा खांदा दिसतो. मी सात-आठ वर्षांचा असताना राजदूतच्या टाकीवर बसून, हँडलच्या मधोमध धरून, स्पीडोमीटरचा काटा थरथरताना पाहिलेला आहे. आजच्या गाडीच्या त्रिकोणी, रागावलेल्या तोंडात मला माझं काही सापडत नाही. गोल दिव्याला चेहरा असतो. बाकी टॉर्क वगैरे आपण बायकोला पटवण्यासाठी बोलतो.

आणि खरं सांगायचं तर नवी गाडी राजदूतपेक्षा प्रत्येक बाबतीत चांगली आहे. शहाद्याहून तोरणमाळचा घाट मी हिच्यावर बायकोला मागे बसवून चढलो. उतरताना वाळूवर ब्रेक दाबला, तर एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीने, गाडी घसरू दिली नाही. राजदूतचा ड्रम ब्रेक म्हणजे नुसती विनंती असायची, मान्य झाली तर झाली. आणि तो निळा धूर, ज्याच्या वासाने आमच्यासारखे हळवे होतात! टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येणं आणि जळका वायू बाहेर जाणं एकाच वेळी चालतं. त्यात थोडं पेट्रोल न जळताच निघून जातं, वर तेलाचा धूर. प्रदूषणाचे नियम आले आणि ती जात संपली, ते योग्यच झालं. आठवण म्हणून ठीक आहे; रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी चाळीस राजदूत उभ्या राहिल्या असत्या तर मीच पहिला अर्ज केला असता.

पण गेल्या जुलैत आप्पांचा प्रश्न खरा ठरला. ‘मंग बंद पडनी ते?’

मळ्यात गेलो होतो. रात्रभर पाऊस झालेला. आमची काळी माती ओली झाली की चाकाला सोडत नाही; चाक आणि मडगार्डच्या मधे गारा, म्हणजे चिखल, भरत जातो, भरत जातो आणि शेवटी गाडी उभी. राजदूतच्या काळी आप्पा पावसाळा लागला की पुढचं मडगार्ड जरा वर उचलून बांधायचे आणि हँडलला एक उलथणं अडकवलेलं असायचं. माझ्याकडे उलथणं नव्हतं. काडीने गारा काढला, बटन दाबलं, इंजिन सुरू झालं. गियर टाकला की बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सहा-सात वेळा. डिस्प्लेवर साइड स्टँडचं चित्र लुकलुकत होतं. स्टँड वरच होता. गाडीला मात्र ठाम वाटत होतं की तो खाली आहे, आणि माझ्यापेक्षा तिच्याच म्हणण्याला किंमत होती. किक असती तरी उपयोग नव्हता.

शेजारच्या शेतात मका निंदायला आलेलं एक पोरगं, असेल सतरा-अठराचं, बांधावर येऊन उभं राहिलं. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत होतो. ते म्हणालं, “काका, स्टँडचा सेन्सर शे तो. गारा गया त्यामा.” खाली बसलं, बोटाने माती उकरली, वायरीचा सॉकेट उपटला, खिशातून बाइंडिंगच्या तारेचा तुकडा काढून दोन टोकं जोडली आणि म्हणालं, “टाका गियर.” टाकला. गाडी निघाली. कुठे शिकलास विचारलं, तर म्हणे मोबाइलवर पाहिलं, आणि मामाच्या गाडीला दोनदा केलं.

स्टँड खाली असताना गाडी पळू नये म्हणून ती सोय आहे, आणि तार जोडून ती मोडणं शहाणपणाचं नव्हे. मी दुसऱ्याच दिवशी सेन्सर साफ करून घेतला. पण धुळ्याला परत जाताना माझ्या डोक्यात सेन्सर नव्हता, ती तार होती. मी इतके दिवस चाचांबरोबर एक जमाना संपला असं धरून चाललो होतो. चाचांचा हात आता कापतो, त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. आणि इकडे मक्याच्या शेतातलं पोरगं बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये काडीपेटीचा पुठ्ठा शोधून बसलं होतं.

मक्यावरून आठवलं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि ते मक्यापासूनही बनतं. म्हणजे आमच्याच बांधावरचा मका राजदूतच्या टाकीत जाऊन तिच्या पेट्रोल कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या तोटीचं, बूच आणि रबरी वॉशर खातो. अल्कोहोल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी उभी राहिली की टाकी आतून गंजते. आप्पांनी त्यावर साधा तोडगा काढला आहे. घर शंभर पावलांवर आलं की कॉक बंद करायचा. कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपत संपत गाडी बरोबर गोठ्याच्या दारात येऊन थांबते. अंतराचा अंदाज अजून चुकत नाही. फक्त हल्ली गाडी माझी मुलगी चालवते आणि आप्पा मागे बसून खांद्यावर थाप मारतात: आता बंद कर.

२०२५ मध्ये राजदूतच्या नोंदणीची पाळी आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी तपासून घ्यायची, हरित कर भरायचा. मी आप्पांना म्हटलं, अजून पाच वर्षं काढली तर ती विंटेज होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीला वेगळा नंबर मिळतो, त्यात ‘व्हीए’ अशी अक्षरं असतात. पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शनाला वगैरेच न्यायची. आप्पांना हे अजिबात पटलं नाही. पोळ्याला बैलाबरोबर राजदूतच्या हँडललाही गोंडा बांधणारा माणूस. काम न करणाऱ्या जनावराला सजवायचं कशाला, हा त्यांचा हिशोब.

कागदांसाठी चेसिस नंबरची छाप लागते. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. चाचा रिक्षाने आले. हँडलच्या मानेपाशी रंगाचे थर होते, ते त्यांनी पातळ पात्याने खरवडले. वरचा काळा, २०१० चा. त्याखाली चॉकलेटी, तो माझ्या लग्नाच्या वेळचा. त्याखाली लाल, आणि लालच्या खाली आणखी एक जुना लाल, तो मूळचा असावा. चाचांनी जाता जाता सिलिंडरलाही कान लावला आणि म्हणाले की शंभराचा, म्हणजे १.०० चा, पिस्टनही आता सैल बोलतोय. गेल्या खेपेला, चौथा बोअर झाला तेव्हा, आप्पा म्हणाले होते, “आते ही जुळनी. आते इले कोनी लेवाव नही.” विकायचा विषय तेव्हापासून कायमचा मिटला.

मुलगी चित्रकलेची मऊ पेन्सिल घेऊन बसली. कागद धरला, घासला. सगळे आकडे आले, शेवटून दुसरा मात्र धड उमटेना. दुसरा कागद घेतला. ती म्हणाली, तीन आहे. मला आठ वाटला. आरसी बुकात त्याच जागी नेमकी घडी पडून कागद विरला होता. चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि काहीच बोलले नाहीत.

आप्पा खुर्चीवरून उठले. काठी टाकीला टेकवली. कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. डाव्या हाताने हँडल धरून गाडीची मान जरा वळवली आणि उजव्या हाताचा अंगठा त्या खाचांवरून सावकाश फिरवला, ओठ वर करून दात चाचपावेत तसा.

“आठ शे,” ते म्हणाले.